दगडाचं विरजण

पेण-रोह्याकडचा काळा कातळ फुटला की आत कधी कधी पांढरे खडे दिसतात. आपण सरसकट गारगोट्या म्हणून मोकळे होतो, पण सह्याद्रीतल्या अशा खड्यांत बरेचदा झिओलाइट असतं. जवळच्या बोरघाटात रेल्वेसाठी (घाटमार्ग सुरू झाला १८६३ साली) डोंगर फोडला तेव्हा त्याचे सुंदर स्फटिक निघाले आणि थेट विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. नाव मात्र जुनं. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश माणसाने असा दगड तापवला, तर त्याच्या सूक्ष्म छिद्रांतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडलं. म्हणून झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड.

कारखान्यात हाच दगड सोडियम सिलिकेट, अ‍ॅल्युमिनियमचं संयुग आणि कॉस्टिक यांच्या खिरीसारख्या मिश्रणातून बनतो. धाटावच्या एमआयडीसीत नोकरी केलेल्या आमच्या रोहेकरांना तसली बंद भांडी सांगायला नकोत! गंमत अशी, की भांडं तापलं तरी सुरुवातीचे कित्येक तास काहीच घडत नाही. आधीच्या घाणीतले थोडे तयार स्फटिक टाकले की ही वाट पाहणं कमी होतं. थोडक्यात, विरजण. फरक एवढाच, की इथे जिवाणू नाहीत. टाकलेल्या कणांच्या पृष्ठभागावर नवे थर चढतात, तुटलेले तुकडे पुन्हा बी होतात. शिवाय कुठल्या जातीचं झिओलाइट बनणार हेही बरेचदा बीच ठरवतं. म्हणून भांडं नीट धुतलं नाही, तर मागच्या खेपेचं झिओलाइट न बोलावता हजर! सायीच्या भांड्याचा अनुभव असलेल्यांना हे पटेल.

वेळेइतकाच प्रश्न खर्चाचा. काही जातींना घडण्यासाठी महागडा सेंद्रिय साचा लागतो आणि तो शेवटी जाळून टाकावा लागतो. २००८ साली चिनी संशोधकांनी बीटा नावाचं झिओलाइट साच्याशिवाय, नुसत्या बीवर करून दाखवलं.

आपल्याकडची गोष्ट पुण्याची. पॉलिएस्टरसाठी झायलीन लागतं आणि त्यासाठी झिओलाइटचा उत्प्रेरक. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामींच्या गटाने एन्सिलाइट बनवलं, एसीसीने त्याचं उत्पादन केलं आणि १९८५ साली ते बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये चाललं. तंत्र परदेशातून विकत घ्यायच्या त्या दिवसांत ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे १९९६ साली याच प्रयोगशाळेतल्या राजीव कुमार आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की चिमूटभर फॉस्फेटनेही स्फटिक लवकर धरतात. ते बी नव्हे, पण तेही वाट पाहणंच कमी करतं.