माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर: भंगार की घराचा इतिहास?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं बघा! काच फुटलेला कंदील, पितळी स्टोव्ह, बंद पडलेला टेपरेकॉर्डर आणि काही घरांत एक गोलमटोल, लांब नळीचं मशीन. "हे चालतं का अजून?" कुणीतरी विचारतं. "माहीत नाही, पण टाकू नका, महागाचं होतं," असं उत्तर येतं आणि ते मशीन पुसून परत माळ्यावर जातं.

मंडळी, जगात काही लोक हेच जुने व्हॅक्यूम क्लीनर शोधून शोधून जमवतात, दुरुस्त करतात आणि जपून ठेवतात. त्यात जपण्यासारखं काय आहे? चला, समजून घेऊ.

धूळ ओढली जाते म्हणजे नेमकं काय होतं?

मशीनमध्ये एक मोटर असते. ती पंखा जोरात फिरवते. पंखा हवा मागच्या बाजूने बाहेर फेकतो, त्यामुळे आतला हवेचा दाब कमी होतो. ती कमतरता भरून काढायला बाहेरची हवा नळीतून आत घुसते आणि येताना धूळ, केस, कचरा घेऊन येते. मध्ये कापडी किंवा कागदी पिशवी असते. हवा तिच्यातून आरपार जाते, धूळ आत अडकते. बस, एवढंच! शंभर वर्षांपूर्वीच्या मशीनमध्येही हेच तत्त्व होतं.

झाडूवाल्याने लावलेला शोध

१९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ ओढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र इतकं मोठं होतं की ते घोडागाडीवरून आणावं लागे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात सोडल्या जात. अर्थात, ही चैन श्रीमंतांचीच होती.

घरात मावणारं विजेचं मशीन पुढे लोकप्रिय झालं, त्याचं श्रेय जातं जेम्स मरे स्पँग्लर यांना. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन शहरात ते एका मोठ्या दुकानात साफसफाईचं काम करायचे. त्यांना दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ थेट छातीत जायची. शेवटी त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःच मशीन बनवलं. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. ते हक्क विल्यम हूवर या चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या व्यावसायिकाने घेतले आणि हूवर हे नाव असं काही चाललं की ब्रिटनमध्ये आजही व्हॅक्यूम करण्याला 'हूवरिंग' म्हणतात.

थोडक्यात, हे मशीन सुचलं ते ज्याच्या हातात रोज झाडू होता त्यालाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

महाराष्ट्रात ते दारावर आलं

स्वीडनची इलेक्ट्रोलक्स कंपनी १९२० च्या दशकापासून घरोघरी जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकत होती. १९८२ मध्ये याच कंपनीच्या भागीदारीत युरेका फोर्ब्स सुरू झाली. यातली फोर्ब्स ही मुंबईतली फार जुनी कंपनी. तिची मुळं थेट १७६७ पर्यंत जातात. 'युरोक्लीन' हे व्हॅक्यूम क्लीनर आणि 'अ‍ॅक्वागार्ड' हे पाण्याचं मशीन ही नावं आपल्याकडे घराघरांत पोहोचली ती याच कंपनीमुळे.

दुकानात जाऊन मशीन घ्यायचं नव्हतं, मशीनच घरी यायचं. टाय लावलेला सेल्समन बेल वाजवायचा, सोफ्यावरून किंवा गादीवरून नळी फिरवायचा आणि निघालेली धूळ समोर दाखवायचा. स्वच्छ वाटणाऱ्या गादीतून एवढी माती? घरातले ओशाळायचे आणि हप्ते ठरायचे. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या कॉलन्यांमध्ये वाढलेल्या अनेकांना हे डेमो आजही आठवतात.

मग ते माळ्यावर का गेलं?

एक कारण म्हणजे आपली फरशी. हे मशीन वाढलं गालिचांच्या देशात. आपल्याकडे शहाबादी, कडप्पा किंवा मोझॅक. झाडून ओलं फडकं मारलं की काम झालं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर नळी फिरवून उपयोगच नाही.

दुसरं कारण वीज. वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारचंच उदाहरण घ्या. हा सोयाबीनचा पट्टा. दिवाळीच्या तोंडावर थ्रेशर सुरू झाले की कुटाराची धूळ दारं-खिडक्या लावल्या तरी घरात शिरते. म्हणजे धूळ ओढणाऱ्या मशीनची खरी गरज इथे! पण तासन् तास भारनियमन असायचं त्या काळात ते चालवायचं कधी? फडा मात्र विजेवर चालत नाही. शिवाय लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकू लागतं ते केरसुणीलाच.

तिसरं कारण आपण सहसा बोलत नाही. झाडण्याचं काम घरातली बाई करायची किंवा कामाला येणारी ताई. तिची कंबर, तिचा दमा, तिचा वेळ यांची किंमत मशीनच्या हप्त्याशी कुणी ताडून पाहिलीच नाही. मशीन घ्यायचं की नाही हे बऱ्याच घरांत न झाडणाऱ्यांनी ठरवलं आणि वापरायचं की नाही हेही. "बिघडेल, जपून ठेवा," म्हणून ते पाहुण्यांच्या आधी किंवा दिवाळीलाच निघायचं. ज्याला धुळीचा त्रास होता त्याने बनवलेलं यंत्र, ज्यांना तो त्रास होतो त्यांच्या हातात रोजच्यासाठी आलंच नाही.

म्हणून ही मशीन फक्त गंमत म्हणून पाहू नका. घरात कुणाच्या कष्टाला किती मोल होतं, याचा तो पुरावा आहे.

जमवणारे लोक

अमेरिकेत स्टॅन कॅन नावाचे एक ऑर्गनवादक होते. त्यांचा जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा संग्रह इतका गाजला की ते टीव्हीवरच्या प्रसिद्ध कार्यक्रमांत ही मशीन घेऊन जायचे. मिझुरी राज्यात सेंट जेम्स या हायवेलगतच्या छोट्या गावात तर व्हॅक्यूम क्लीनरचं संग्रहालय उभं राहिलं. समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज असलेल्या आपल्या शेलूबाजारसारखंच वाटेवरचं गाव म्हणा ना!

आपल्याकडेही अशी दृष्टी होती. पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, फण्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. अकाली गेलेल्या 'राजा' या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारलं आणि १९७५ मध्ये ते राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. लोकांना तेव्हा ती अडगळ वाटत होती, आज आपण तिकीट काढून बघतो. मिक्सर, टेपरेकॉर्डर, व्हॅक्यूम क्लीनर हे आपल्या पिढीचे अडकित्ते आहेत.

तुमच्या घरी असेल तर काय कराल?

• थेट प्लग लावू नका. जुन्या वायरचं रबर तडकलेलं असतं. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. मोटरमधले कार्बन ब्रश झिजले असतील तर ते बदलता येतात.

• मशीनवरची पट्टी वाचा. अमेरिकेतून आणलेलं मशीन साधारण १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर मोटर जळेल.

• पिशवी घराबाहेर, नाकाला रुमाल किंवा मास्क बांधून रिकामी करा.

• बिल, माहितीपुस्तिका, ब्रश, नळ्या एकत्र ठेवा. हे सुटे भाग सगळ्यात आधी हरवतात.

• ठेवायचं नसेल तर ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत व्हॅक्यूम क्लीनरही येतो. भंगारात गेला तर तांब्यासाठी मोटर फोडली जाते आणि बाकीचं उकिरड्यावर जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक कागद घ्या. मशीन कुणी घेतलं, कोणत्या साली, केवढ्याला, हे लिहा. मग आईला, आजीला किंवा तुमच्याकडे तेव्हा कामाला येणाऱ्या मावशींना विचारा: हे घरात आल्यावर झाडू कुणाच्या हातात होता? ते उत्तरही लिहा आणि कागद मशीनच्या पिशवीत ठेवून द्या.

तुमच्या घरी काय उत्तर मिळालं? मशीनच्या फोटोसोबत ते आम्हाला नक्की कळवा.