खेळण्यातील मोटार आणि जाणते हात

ज्याची उमेद कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्यात आणि मालकांशी वाटाघाटी करण्यात गेली, त्याने या वसंतोत्सवात खेळण्यातल्या मोटारीवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु ही मोटार दुकानातून तयार मिळणारी नव्हे. ती सुट्या भागांच्या पेटीत येते आणि घेणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने उभी करावयाची असते. यंत्र कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न आम्ही चळवळीतली माणसे नेहमीच विचारीत आलो. यंत्र कुणाला कळते, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. आणि बिनतारी लहरींवर चालणाऱ्या, माती-वाळूतून धावणाऱ्या या हातभर मोटारीच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते.

दुरून यंत्र चालविण्याची कल्पना जुनी आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला याने पाण्याच्या हौदात एक लहान नाव तारेवाचून चालवून दाखविली. पण ही करामत सामान्य माणसाच्या हाती येण्यासाठी लहान मोटर, हलकी बॅटरी आणि परवडणारा रेडिओसंच हे तिन्ही जुळून यावे लागले. त्याला पाऊणशे वर्षे लागली.

दरम्यान अमेरिकेत मोठ्या मोटारीच्या बाबतीत एक मौज घडली. होड्या बांधण्याच्या कामात हात बसलेल्या ब्रूस मेयर्स याने १९६४ साली कॅलिफोर्नियात जर्मन फोक्सवॅगनचे सामान घेऊन त्यावर फायबरग्लासची हलकी काया चढविली आणि वाळूच्या टेकड्यांवर धावणारी 'मेयर्स मँक्स' ही बग्गी तयार केली. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात झालेली पहिली लांब पल्ल्याची शर्यत याच बग्गीने जिंकली. मग गावोगावचे मेकॅनिक जुन्या फोक्सवॅगन कापून, उंच करून, जाड टायर लावून वाळूत उतरवू लागले. सामान्य जनतेसाठी काढलेली गाडी जनतेने आपल्या हाताने बदलून घेतली, असेच म्हणावयाचे.

आता जपानकडे वळू. शिझुओका शहरात १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकडाचा धंदा सुरू केला. पुढे त्यातच लाकडी नमुने बनविण्याचे खाते निघाले आणि १९५३ साली इमारती लाकूड सोडून नमुन्यांवरच भर देण्याचे ठरले. परदेशी प्लास्टिकचे नमुने बाजारात आल्यावर लाकूड मागे पडले. १९६० साली 'यामातो' युद्धनौकेचा पहिला प्लास्टिक नमुना निघाला, तोही तोट्यात गेला. पण मंडळी मागे हटली नाहीत. पुढे पोर्श मोटारीचा नमुना करावयाचा तर ती आतून कळली पाहिजे, म्हणून योशिओंचे चिरंजीव शुन्साकू यांनी चक्क खरी पोर्श विकत घेतली आणि ती खोलली! १९७६ साली त्यांची बिनतारी पोर्श बाजारात आली.

१९७९ साली याच कारखान्यातून 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या दोन मोटारी निघाल्या. प्रमाण एकास दहा. दुसरीवर वाळूत धावणाऱ्या फोक्सवॅगनची काया होती. पुढच्या चाकांचे हातही मूळ गाडीच्या धर्तीवर मागे रेललेले, बरेच भाग ओतीव धातूचे, आणि पाणी-माती लागू नये म्हणून रेडिओचा संच पारदर्शक पेटीत बंद केलेला. अमेरिकेतल्या मेकॅनिकांनी वाळूत जे केले, ते जपानी कारागिरांनी टेबलावर उतरविले.

ही मोटार जुळविताना माणूस काय शिकतो ते पाहा. मोटरचे लहान दातेरी चाक मोठ्या चाकाशी फार घट्ट भिडविले तर मोटर तापते, सैल ठेवले तर दाते झिजतात. म्हणून जाणते लोक मध्ये कागदाची पट्टी धरून अंतर ठरवितात. धातूतला स्क्रू हादऱ्याने सुटतो, तेव्हा त्याला पकडून ठेवणारे औषध लावावे लागते. प्लास्टिकमधला जास्त आवळला तर आटे जातात. आसाखालचे साधे बुश काढून बॉल बेअरिंग घातले की गाडी हलकी पळते. जुन्या पद्धतीत वेग रोधकाने कमी केला जाई आणि वीज उष्णतेत वाया जाई. आज ते काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. हे ज्ञान पुस्तकात वाचता येते, पण मुरते ते हातातच. कारखान्यातला फिटर हेच सांगेल.

१९८४ साली कॅलिफोर्नियातून 'आरसी-टेन' ही निव्वळ शर्यतीची मोटार निघाली. खऱ्या गाडीशी साम्य राखण्याची तिला गरज नव्हती. शर्यतीत जड धातूच्या जुन्या मोटारी मागे पडल्या. नंतर पेटीतून काढताच पळणाऱ्या तयार मोटारीही मुबलक झाल्या. तरीही जुन्यांची ओढ सुटली नाही. २००९ साली 'रफ रायडर' 'बग्गी चॅम्प' या नावाने परतली आणि २०१० साली 'सँड स्कॉर्चर'. काही भाग बदलले, पण मूळ बांधणी तीच. ज्यांनी पोरवयात ती काचेआड पाहिली होती, ते आता चाळिशी-पन्नाशीत डिसमिस घेऊन बसले!

याला कुणी नुसती आठवणींची हौस म्हणेल. आम्हांस त्यात अधिक काही दिसते. जी वस्तू खोलता येते आणि जिचे सुटे भाग मिळतात, तीच वस्तू पन्नास वर्षांनीही चालती ठेवता येते. आजच्या पुष्कळ वस्तू चिकटवून बंद केलेल्या असतात. बिघडल्या की फेकावयाच्या. त्यात पैसा जातो, आणि दुरुस्त करणाऱ्याचे कसबही जाते. ज्याला फक्त बटन दाबता येते त्याच्या जागी उद्या दुसरा कुणीही बसविता येतो. ज्याला यंत्र कळते त्याच्याशी मालकालाही बोलावे लागते. पोलादाचा साचा गोदामात पडून टिकतो. हाताचे कसब मात्र दर पिढीने नव्याने कमवावे लागते. म्हणून आपल्या घरातील मुलाने किंवा मुलीने एखादे यंत्र उघडून टेबलावर मांडले, तर रागावू नका. शेजारी बसा आणि स्क्रू हरवणार नाहीत एवढे पाहा.