टॉलेमीचे पन्नास अंश

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्लॉडियस टॉलेमीने प्रकाश पाण्यात शिरताना किती वाकतो ते मोजायला कांस्याची एक चकती घेतली, तिच्यावर अंश कोरले आणि ती अर्धी पाण्यात बुडवून उभी केली. चकतीच्या मध्यावर एक खूण, पाण्याबाहेर कडेवर दुसरी. या दोन्ही एका रेषेत दिसतील असा डोळा लावायचा आणि पाण्याखालची तिसरी खूण त्याच रेषेत येईपर्यंत सरकवत न्यायची. जुळली की कोन वाचायचा. दहावीचा विद्यार्थी काचेची चीप आणि चार टाचण्या घेऊन जे करतो, ते याहून फार वेगळे नाही.

टॉलेमीने आठ नोंदींचा तक्ता मांडला. किरणाचा लंबाशी हवेतला कोन १० अंश असेल तर पाण्यातला ८. पुढे २० ला १५.५, ३० ला २२.५, ४० ला २९, ५० ला ३५, ६० ला ४०.५, ७० ला ४५.५ आणि ८० ला ५०. हा तक्ता ज्यात होता तो मूळ ग्रीक ग्रंथ हरवला, त्याचे अरबी भाषांतरही हरवले. उरले ते बाराव्या शतकात सिसिलीत अरबीवरून झालेले लॅटिन भाषांतर, आणि त्यात हा तक्ता.

आता हे आकडे जरा निरखून पाहावेत. पहिल्या टप्प्यात कोन ८ अंशांनी वाढतो, मग ७.५ ने, मग ७ ने, ६.५ ने. दर वेळी बरोबर अर्धा अंश कमी, शेवटपर्यंत. हाताने घेतलेली मोजमापे इतकी गुण्यागोविंदाने कधी येत नाहीत. टॉलेमीने काही कोन खरोखर मोजले असावेत आणि बाकीचे एका ठरावीक चालीत बसवले असावेत, असे विज्ञानाचे इतिहासकार मानतात. कॉलेजात जर्नल पूर्ण केलेल्या कुणालाही यासाठीचा शब्द माहीत असतो: रीडिंग जुळवली.

या जुळवणीची किंमत मोठी होती. तेराव्या शतकात विटेलो नावाच्या अभ्यासकाने हेच आकडे उचलले. १६०४ मध्ये केप्लर विटेलोचा तक्ता पुढ्यात घेऊन अपवर्तनाचा, म्हणजे प्रकाश वाकण्याचा, नियम शोधत बसला. केप्लरसारख्या माणसालाही तो नेमका सापडला नाही. वास्तविक ९८४ च्या सुमारास बगदादमध्ये इब्न सह्लने भिंगांवर लिहिताना तो भूमितीत मांडला होता, पण युरोपाला त्याचा पत्ता नव्हता. १६२१ मध्ये लायडनच्या स्नेलला नियम गवसला आणि त्याने तो छापला नाही. १६३७ मध्ये देकार्तने तो प्रसिद्ध केला. दोन्ही कोनांच्या साइनचे गुणोत्तर कायम राहते, एवढाच तो नियम.

असे आकडे जुळवायला वाव मिळतो तो प्रयोगवहीच्या एका जुन्या अडचणीमुळे: मोजणी एका कागदावर, आकडेमोड दुसऱ्यावर, आलेख तिसऱ्यावर. मधल्या जागेत काय घडले ते वाचणाऱ्याला कळत नाही. ही जागा बुजवण्याचे काम संगणकावरच्या वहीने केले. १९८८ मध्ये ‘मॅथेमॅटिका’ आली तेव्हा मजकूर, गणित आणि आकृती एकाच वहीत नांदू लागली, पण ते सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे. २००१ मध्ये कोलोराडो विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या फर्नांडो पेरेझने स्वतःच्या सोयीसाठी ‘आयपायथॉन’ हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. २०११ मध्ये त्याला वहीचे रूप आले आणि २०१४ मध्ये त्यातून ‘जुपिटर’ प्रकल्प उभा राहिला. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन संगणकभाषा या नावात आहेत. गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांच्या नोंदी ठेवल्या त्या वह्यांनाही ते वंदन आहे. ही वही फुकट मिळते आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडते. त्याच कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेलविजेत्या कार्ल वीमन यांनी ‘फेट’ हा संगणकावरच्या खेळत्या आकृत्यांचा प्रकल्प सुरू केला. त्यातली प्रकाश वाकवण्याची खेळती आकृती आज असंख्य मुलांच्या ओळखीची आहे.

अशा वहीत टॉलेमीचा तक्ता घालून पाहण्यासारखा आहे. पहिल्या चौकटीत त्याचे आठ आकडे लिहायचे. दुसरीत स्नेलच्या नियमाची एक ओळ, पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ धरून. चौकट चालवली की खाली आलेख उमटतो. ५० आणि ६० अंशांजवळ टॉलेमीचे ठिपके रेषेवर बसतात. गडी मोजण्यात कच्चा नव्हता, हे तिथे दिसते. ७० नंतर ठिपका रेषा सोडतो. ८० अंशांना नियम सांगतो ४७.६, टॉलेमी सांगतो ५०.

मग उलटा प्रश्न विचारायचा: पाण्यात ५० अंशांचा कोन करणारा किरण हवेत कोणत्या कोनात बाहेर पडेल? वही आकडा देत नाही. तिथे ‘नॅन’ उमटते, म्हणजे असा आकडाच नाही. ५० च्या साइनला १.३३३ ने गुणले की उत्तर १.०२ येते आणि साइन कधी एकाच्या वर जात नाही. पाण्याचा क्रांतिक कोन ४८.६ अंश. त्यापुढे किरण बाहेर पडत नाही, पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन पाण्यातच राहतो. हवेतून आलेला किरण पाण्यात ५० अंशांवर पोहोचणे शक्यच नाही. ज्या मुलाने त्या ‘नॅन’पाशी थांबून विचार केला, त्याला क्रांतिक कोनाची व्याख्या घोकावी लागणार नाही.

पडद्यावरचा किरण मात्र कधी फाकत नाही, टाचणी कधी वाकडी टोचली जात नाही, काचेच्या चिपेवर बोटांचे ठसे उमटत नाहीत. म्हणून नुसती आकृती खेळवणे पुरेसे नाही. आधी टाचण्या, कागद आणि कोनमापक, त्यानंतर वही. शिक्षकांनी एक गोष्ट कटाक्षाने करावी: मुलांनी हाताने घेतलेली रीडिंग पहिल्या चौकटीत जशी आली तशीच राहू द्यावीत, चुकलेल्यासकट, आणि त्या चौकटीला गुण द्यावेत.