दशावतारी खेळातील कपट

सावंतवाडीच्या परिसरात जत्रांच्या रात्री होणाऱ्या दशावतारी खेळाला परंपरेने लिखित संहिता नाही. कथानक पुराणांतून येते, संवाद नट रंगभूमीवरच रचतात. तेव्हा कपटाविषयी या खेळाची दृष्टी कोणा एका नाटककाराच्या शब्दांत नव्हे, तर कपटी पात्रांच्या वाट्याला जे येते त्यातच शोधावी लागते.

वेषांतर हे येथे पाप नव्हे. सतराव्या शतकात रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळातील सुंदर स्त्रिया वस्तुतः पुरुषच असतात, हा दाखला दिला. प्रेक्षक हे जाणूनच खेळात रमतो. म्हणून ती फसवणूक ठरत नाही.

आडदशावतार या पूर्वरंगात संकासुर वेद चोरतो. काळ्या वेषातील हा असुर मालवणीत थट्टामस्करी करतो आणि प्रेक्षकांना प्रिय होतो. तरीही विष्णूच्या हातून त्याचा वध टळत नाही. सर्वांचे ज्ञान त्याने लपविले, हा त्याचा अपराध होय.

याउलट, बटुरूपाने तीन पावले भूमी मागणारा वामन अवतारांत गणला जातो. त्याचे कपट देवांच्या रक्षणासाठी असल्यामुळे त्याला दंड नाही. परंतु शुक्राचार्यांनी सावध करूनही बळी वचन मोडीत नाही, आणि लोकमानसात तो आजही पूज्य आहे.

तात्पर्य, ही परंपरा कपटाचे मोल हेतूवरून ठरविते. मात्र हेतू शुद्ध असला तरी फसविल्या गेलेल्याचे मोठेपण ती झाकून टाकीत नाही.