एका दिवसाच्या फेरीत मावणारे राज्य

तंजावरच्या जुन्या किल्ल्याभोवती सायकलीवरून फेरी घालावयास फार वेळ लागत नाही. कावेरीच्या पाण्याने पोसलेला हा मुलूख तळहातासारखा सपाट आहे. पहाटे वाटाड्यास पुढे घालून निघालेली मंडळी दिवस मावळेपर्यंत देवालय, वाडा, ग्रंथालय आणि तटाच्या जागी झालेले रस्ते पाहून सहज परत येते. तट बराचसा नाहीसा झाला आहे. परंतु शहरातल्या काही रस्त्यांना आजही ‘अलंगम्’ म्हणतात, आणि तमिळ भाषेत त्याचा अर्थ किल्ल्याचा तट असाच होतो. या रस्त्यांवरून जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवली तर साऱ्या फेरीला निराळा अर्थ येतो. इ. स. १७९९ च्या तहानंतर तंजावरच्या मराठी राजाकडे जे राज्य उरले, ते जवळजवळ एवढेच होते.

फेरीचा आरंभ मोठ्या देवळापासून करणे सोयीचे. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केलेले बृहदीश्वराचे हे देवालय दोनशे फुटांहून उंच आहे. उन्हे कोवळी असताना त्याच्या शिखराचा दगड मधासारखा दिसतो. पाहणाऱ्याची नजर साहजिकच वर जाते. पण मराठी माणसास चांगला वाटाड्या भेटला, तर तो त्यास आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीपाशी नेतो. तेथे दगडावर देवनागरी अक्षरांत मराठी मजकूर कोरलेला आहे आणि तो लवकर संपत नाही. भोसले कुळाचा हा इतिहास सरफोजी महाराजांनी १८०३ साली कोरविला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास ही गादी मिळविली, तेव्हापासूनची हकीकत येथे आहेच. परंतु तिच्या मागे जाऊन पुराणकाळापासून वंशावळ सांगितली आहे.

येथे सालाकडे लक्ष द्यावे. १८०३ च्या सप्टेंबरात असईला आणि नोव्हेंबरात आडगावला मराठी फौजांचा पराभव झाला, आणि वर्ष संपण्याच्या आत भोसले व शिंदे या दोघांनीही इंग्रजांशी तह केले. उत्तरेकडे मराठ्यांची तलवार खाली येत होती, त्याच वर्षी दूर दक्षिणेत, चोळांच्या देवळाच्या भिंतीवर, छिन्नीने मराठ्यांचा इतिहास लिहिला जात होता. राज्य जाऊ शकते, हे ज्यास कळून चुकले आहे, तोच आपली आठवण दगडाच्या हवाली करतो.

देवळापासून जवळच शिवगंगेचे तळे आणि त्याच्या काठी १७७९ साली बांधलेले ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. मिशनरी श्वार्ट्‌झ यांनी ते उभारले. तुळजाजी महाराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजीचे शिक्षण त्यांच्याच देखरेखीखाली झाले. मृत्युशय्येवरील गुरूस भेटावयास आलेला तरुण राजा, असे संगमरवरी शिल्प महाराजांनी इंग्लंडमधील शिल्पकार फ्लॅक्समन यांजकडून करवून येथे बसविले. त्यात गुरुभक्ती खरी आहे. पण दुसरीही गोष्ट खरी आहे. अमरसिंहास दूर सारून १७९८ साली सरफोजींना गादी मिळाली, ती कंपनीच्या पाठिंब्याने. पुढच्याच वर्षी कंपनीने तिची किंमत वसूल केली. मुलुखाचा सारा कारभार तिने घेतला. राजाला किल्ला, वार्षिक एक लक्ष होन आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले.

मैलभर पुढे वाडा लागतो. सायकली दाराशी ठेवून सरस्वती महाल ग्रंथालयात शिरले, म्हणजे हात बांधलेल्या राजाने काय केले ते कळते. ग्रंथसंग्रहाचा पाया नायक राजांच्या वेळचा. परंतु सरफोजींनी त्यास खरा विस्तार दिला. काशीच्या यात्रेहून येताना त्यांनी पोथ्या आणविल्या, युरोपातून छापील पुस्तके मागविली आणि त्यांवर इंग्रजीत सह्या केल्या. येथे संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी मिळून चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. राजाने छापखानाही घातला. त्यात १८०६ साली इसापाच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत निघाल्या; पेशवाई बुडण्याच्या बारा वर्षे आधी! हा सारा खर्च शेवटी कावेरीकाठच्या कुळांच्या घामातूनच येत होता, हे विसरणे बरोबर नाही. तथापि, असाच पैसा मिळालेल्या इतर कित्येक संस्थानिकांनी तो कशावर उधळला, हे आठवले म्हणजे तंजावरचे मोल कळते.

दुपार कलल्यावर वाटाड्या मंडळींना वाड्याच्या चौकात पुन्हा थांबवितो, कारण कथेचा शेवट येथेच झाला. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ साली पुत्राविना वारले. कंपनीने राज्य खालसा केले आणि १८५६ साली राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी तलवार उपसली नाही. त्यांनी कोर्टात फिर्याद केली. मद्रासच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु १८५९ साली विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला: सरकारने सत्तेच्या बळावर केलेल्या कृत्याची चौकशी करण्याचा न्यायालयास अधिकार नाही, असे ठरले. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अद्याप वाचला जातो. खासगी मालमत्ता अखेर १८६२ साली सरकारने परत दिली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

१९१८ साली ग्रंथालय सार्वजनिक झाले. राजाने स्वतःसाठी जमविलेल्या पोथ्या आता कोणाही अभ्यासकास उघडून पाहता येतात. मात्र तेथील मोडी कागदांचे रुमाल सोडावयास मोडी येणारी माणसे हवीत, आणि ती दुर्मिळ होत चालली आहेत. तंजावरात आजही मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांच्या बोलीत महाराष्ट्रात मागे पडलेले शब्द ऐकू येतात.

संध्याकाळी तटाच्या रस्त्याने फेरी पुरी होते. जेवढे अंतर पायांनी तोडले, तेवढेच राज्य एका राजाला उरले होते. त्याची सीमा आज दिसत नाही. अक्षरे मात्र भिंतीवर आणि कागदावर वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत.