हौसेला मोल असते

ताईचा फोन रात्री दहानंतर आला की दोनच शक्यता असतात : कोणीतरी गेलं, किंवा कोणीतरी काहीतरी घेतलं. या वेळी दुसरी होती. "तुझा लाडका भाचा तिकडे अमेरिकेत जुनी मोटार घेतोय. जपानी आहे म्हणे. तू मामा ना? मग समजाव त्याला!"

"जपानी आहे ना? मग कसली काळजी?" मी म्हणालो. "जपानी वस्तू आणि आपली आई, दोघींना आजारी पडायला वेळ नसतो."

पण गाडीचं नाव कळलं आणि माझा हा सिद्धांत आडवा झाला. गाडी होती माझदा आरएक्स-७, १९९३ सालची. मोटारीतलं मला कळतं ते एवढंच, की बॉनेट उघडलं की आत बघून गंभीरपणे "हं" म्हणायचं असतं. पण भाच्याशी वाद घालायचा होता. वादाला निघालेला माणूस जेवढं वाचतो तेवढं परीक्षेला बसलेला विद्यार्थीसुद्धा वाचत नाही. पंधरा दिवस मी दुसरं काही वाचलं नाही.

'माझदा' हे नाव अहुर मझ्द या देवावरून आणि संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावावरून घेतलं, असं कंपनीच सांगते. रविवारी सकाळी जुनी मोटार नातवासारखी पुसणारा पारशी बावाजी ज्यांनी मुंबईत पाहिला आहे, त्यांना या नावातला योगायोग वेगळा सांगायला नको. कंपनी हिरोशिमाची. १९२० साली सुरू झाली ती बुचं करायला! पुढे तीनचाकी मालमोटारी आल्या. १९४५ साली बाँब पडला तेव्हा एका टेकडीच्या आड असल्यामुळे कारखाना बराचसा वाचला. शहर मात्र गेलं. विमानांच्या कारखान्यातून परतलेला केनिची यामामोतो नावाचा तरुण इंजिनिअर १९४६ साली इथे कामाला लागला. काम काय, तर तीनचाकीचे गिअरबॉक्स जोडायचे.

साठीच्या दशकात जपान सरकारला वाटू लागलं, मोटारींचे कारखाने फार झाले, छोट्यांनी मोठ्यांच्या पंखाखाली जावं. आपलं वेगळेपण दाखवल्याशिवाय धडगत नाही, हे ओळखून माझदाने १९६१ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून फेलिक्स वांकेलच्या इंजिनाचे हक्क घेतले. (या वांकेलसाहेबांकडे मोटार चालवायचा परवाना कधीच नव्हता. डोळे अधू होते. पोहता न येणाऱ्याने होडी शोधावी, तसला प्रकार.)

साध्या इंजिनात दट्टे खालीवर नाचतात. वांकेलच्या इंजिनात दट्टे नाहीत, झडपा नाहीत. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी पोकळी, आणि तिच्यात फिरणारा एक तिकोनी दाणा. बस्स! कागदावर बघितलं तर वाटतं, यात बिघडायला आहेच काय? पण संसारसुद्धा कागदावर दोनच माणसांचा असतो.

गोम त्या तीन टोकांत होती. प्रत्येक टोकावर एक बारीक पट्टी, ती सतत भिंतीला घासत फिरणार. काही तासांत भिंतीवर ओरखडे उठत. इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'. शिवाय तेल जळून धूर निघे तो वेगळाच. १९६३ साली यामामोतोच्या हाताखाली सत्तेचाळीस जण दिले. धन्याच्या सूडासाठी दबा धरून बसलेल्या सत्तेचाळीस रोनिनांची गोष्ट जपानात पोराटोरांना पाठ असते. तेव्हा यातून माघार नाही, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी कार्बनात अॅल्युमिनिअम मिसळून केलेली पट्टी टिकली, आणि १९६७ च्या मे महिन्यात 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली. पुढच्या वर्षी जर्मनीत चौऱ्याऐंशी तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या. एक चौथी आली. दुसरीचा आस शेवटी शेवटी मोडला, पण इंजिनाने मान टाकली नाही.

त्याच १९६७ साली खुद्द एनएसयूने 'आरओ-८०' काढली. वर्षातली उत्तम मोटार म्हणून तिचा गौरवही झाला. पण इंजिनं धडाधड बसू लागली, आणि हमीपोटी बदलून देता देता कंपनीची दमछाक झाली. तिचे मालक रस्त्यात भेटले की हात हलवण्याऐवजी बोटं दाखवत, म्हणजे आतापर्यंत किती इंजिनं बदलली ते, अशी आख्यायिका आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! १९६९ साली एनएसयू फोक्सवागनच्या घरात गेली.

माझदाची परीक्षा पुढे होती. १९७३ साली तेल भडकलं आणि या इंजिनाची भूक जगाच्या डोळ्यांवर आली. कंपनी बुडायला टेकली. बँकेने हात दिला. कारखान्यातले कामगार मोटारी विकायला दारोदार फिरले. एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस ते इंजिन भंगारात घालता. यांनी त्याची भूक कमी केली आणि १९७८ साली आरएक्स-७ काढली! तीन पिढ्या ती चालली, २००२ पर्यंत. १९९१ साली याच जातीच्या इंजिनाने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय.

पण खर्च? तो आहेच. हे इंजिन टोकांच्या पट्ट्यांना वंगण म्हणून मुद्दाम थोडं तेल जाळतं. म्हणजे तेल पिणं हा त्याचा आजार नव्हे, आहार आहे. तो चुकला की पट्ट्या गेल्या, दाब गेला, आणि सगळं इंजिन खोलून बांधायचं. पुढच्या आरएक्स-८ साठी कंपनीने अमेरिकेत इंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती. एवढं सगळं पाठ करून मी भाच्याला फोन लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, मी इंजिन बांधायचे पैसे आधी बाजूला काढलेत. गाडीचे नंतर. दर दुसऱ्या टाकीला तेल बघायचं. थंड असताना दामटायची नाही. आणि चालू केली की गरम झाल्याशिवाय बंद करायची नाही. एवढंच मागते ती."

माझ्याजवळचे मुद्दे संपले. बाँब पाहिलेल्या गावाने, दिवाळं दारात आलेलं असताना, जी गोष्ट सोडली नाही, ती त्याने सोडावी असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? आणि ज्याने खर्चाचे पैसे खरेदीच्या आधी काढून ठेवले, त्याला शहाणपण मी शिकवायचं? आमच्या घरात अजून कोणी लग्नसुद्धा असं केलेलं नाही.

ताईला फोन केला. म्हटलं, "गाडी वाईट नाही गं. फक्त रोज विचारपूस लागते, वेळेवर द्यायचं ते द्यावं लागतं, आणि सकाळी उठल्या उठल्या अंगावर धावून जायचं नाही."

ताई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखीच की! घेऊ दे मग. निदान सवय होईल."