दिव्याचं तेल, चाकाचं तेल

गाडी कुठलीही असो, तिच्या चाकाला जे लागतं ते आधी घरातल्या दिव्याला लागलेलं असतं. निदान आपल्या भागात तरी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं. लासूर स्टेशनच्या एखाद्या गॅरेजात पोरगा पत्र्याच्या ट्रेमध्ये साखळी बुडवून जुन्या टूथब्रशनं घासत बसलेला दिसतो. शहरातून आलेला माणूस त्याला जुगाड म्हणून मोकळा होतो. मला ते पटत नाही. त्या ट्रेची वंशावळ बैलगाडीपर्यंत मागे जाते, आणि वाटेत तिला रेल्वे भेटते, रेशन दुकान भेटतं, एका अधिकाऱ्याचा भीषण मृत्यूही भेटतो.

सुरुवात बैलगाडीपासून. लाकडी तुंबा लोखंडी आखावर फिरणार म्हणजे घासणार, तापणार आणि झिजणार. त्यावर उपाय बांधावरच उभा असे: एरंड. बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. ते घट्ट एरंडेल रात्री दिव्यात जळे, पोट बिघडलं की पोरांना पाजलं जाई, आणि त्यातलंच थोडं काजळीत किंवा कोळशाच्या बारीक पुडीत खलून वंगण तयार होई. बांबूच्या किंवा शिंगाच्या नळकांड्यात ते भरून गाडीखाली टांगलेलं असायचं. लांबच्या बाजाराला निघण्याआधी चाक जरा बाहेर ओढायचं, काडीनं आखावर वंगण फासायचं आणि चाक पुन्हा आत सारायचं. यामागचं शहाणपण साधं नव्हतं. एरंडेल उन्हात इतर तेलांसारखं पातळ होऊन वाहून जात नाही, लोखंडाला धरून राहतं आणि पाण्याला आत शिरू देत नाही. काजळी दोन पृष्ठभागांच्या मध्ये बसून घर्षण कमी करते. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफिल्ड यांनी मोटारी आणि विमानांच्या इंजिनांसाठी एरंडेल मिसळलेलं तेल काढलं आणि १९०९ मध्ये त्याला एरंडाच्या इंग्रजी नावावरून कॅस्ट्रॉल म्हटलं. आपल्या बांधावरच्या झुडपाचा गुण जगाच्या यंत्रयुगालाही पटला होता.

लासूरला स्टेशन आलं ते १९०० च्या आगेमागे. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडहून औरंगाबादकडे आणि तिथून पुढे हैदराबादपर्यंत टाकला गेला. शिवना नदीकाठचं मूळ लासूर गाव, दाक्षायणी देवीचं देऊळ तिथं. आणि रुळांकाठी वाढलेली बाजारपेठ म्हणजे लासूर स्टेशन. भारतातल्या सुरुवातीच्या रेल्वेंवर एरंडेल दिव्यातही जळत असे आणि वंगणालाही लागत असे. डब्याच्या आखाला तेल पोचावं म्हणून ॲक्सल बॉक्समध्ये तेलात भिजवलेल्या सुताचे बोळे कोंबलेले असत. गॅरेजवाल्याच्या हातात आज जे सुताचं वेस्ट दिसतं, त्याचे हे पूर्वज. मग सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल आलं. संध्याकाळी शिडी चढून सिग्नलचा दिवा लावणारा बत्तीवाला ही अनेक वर्षं प्रत्येक छोट्या स्टेशनची ओळख होती. जिथं रोज रॉकेल हाताळलं जातं, तिथं दिव्याच्या काचा, लोखंडी खटके, कंदिलाचे गंजलेले स्क्रू यांच्यावर त्याचा बोळा फिरणारच.

हे रॉकेल आलं कुठून? एडविन ड्रेक यांनी १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात विहीर खणून खनिज तेल काढलं. त्या तेलाची सारी किंमत दिव्यासाठी होती. ते आपल्याकडे आधी अमेरिकेहून पत्र्याच्या डब्यांतून आणि पाठोपाठ रशियातल्या बाकूहून आलं. १८९२ मध्ये म्युरेक्स हे टाकीचं जहाज रशियन रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेलं, आणि डबाबंद मालाऐवजी जहाजभर सुटं तेल आणण्याचा मार्ग खुला झाला. साधारण १८ लिटरचा चौकोनी डबा मात्र खेड्यात घर करून राहिला. तेल संपलं की त्यात पाणी, धान्य, गूळ. उभा कापला की गॅरेजचा ट्रे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रॉकेल गाळताना जो हलका, भसकन पेट घेणारा भाग निघे, त्याला दिव्यात जागा नव्हती. तो फेकला जाई, किंवा कपड्यांचे डाग काढायला औषधाच्या दुकानात विकला जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. वाटेत इंधन संपलं तेव्हा त्यांनी वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, म्हणजे डाग काढायचं द्रावणच. म्हणजे मोटारीच्या पोटात पहिल्यांदा गेलं ते धुण्याचं द्रव्य. इंधनानं गाडी साफ करणारा आपला मेकॅनिक कुठलीही उलटी गोष्ट करत नाही. धुण्याचं काम या द्रव्यांकडे इंजिनाच्याही आधीपासून होतं.

रॉकेल साफ करतं कसं, हेही समजून घ्यायला हवं. ग्रीस आणि इंजिनऑइल ही खनिज तेलाचीच लेकरं, म्हणून पाण्याला दाद न देणारं ग्रीस रॉकेलमध्ये लगेच सुटतं. पेट्रोलमध्ये ते आणखी झटकन सुटेल, पण पेट्रोल पाहता पाहता उडून जातं आणि त्याची वाफ शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. रॉकेल सावकाश उडतं, त्यामुळे घासायला वेळ मिळतो. त्याची वाफ पेटण्याइतकी व्हायला निदान ३५ अंश तापमान लागतं, असं भारतीय मानक सांगतं. मात्र मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडखाली, उन्हात तापलेल्या ट्रेशेजारी कुणी विडी पेटवली, तर रॉकेल पेट्रोलपेक्षा सुरक्षित आहे या भरवशावर राहता येत नाही.

सायकलच्या दुकानात ही विद्या सगळ्यात नीटसपणे जपली गेली. सायकल ओव्हरऑइलला टाकली की चाक निघे, आस निघे, कोन सुटे आणि कपातले छर्रे ट्रेमध्ये खडखडत पडत. काळं पडलेलं ग्रीस रॉकेलमध्ये धाग्यांसारखं सुटू लागे. छर्रे तळहातावर घेऊन फडक्यात चोळायचे, खड्डा पडलेला एखादा बाजूला काढायचा. मग कपात पिवळं ग्रीस बोटानं भरायचं आणि एकेक छर्रा त्यात रुतवायचा. ग्रीसच त्याला धरून ठेवतं. ट्रेमधलं काळं रॉकेल कुणी फेकत नसे. ते रात्रभर स्थिर ठेवलं की गाळ तळाला बसे, आणि सकाळी वरचं नितळ रॉकेल अलगद बाटलीत नितारून घेतलं जाई. तेच पुन्हा दुसऱ्या सायकलीला. बाटलीभर रॉकेलवर कितीतरी चाकं निघत. एवढी काटकसर आणि एवढी नजर असलेल्या कामाला अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे.

मग लासूरच्याच गंगापूर तालुक्यात, वाळूजला, १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी हा घराघरातला विषय झाला. पाठोपाठ एम-८० आली. दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा, बायको-पोरं, सगळं ओढणारी. टू-स्ट्रोक असल्यानं तिच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागे आणि ते अर्धवट जळून सायलेन्सरमध्ये काजळी धरे. सायलेन्सर चोंदला की गाडी चढाला मान टाकायची. मग मेकॅनिक सायलेन्सर काढून गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत न्यायचा, आत रॉकेल ओतायचा आणि पेटवून द्यायचा. काळा धूर, उग्र वास, आणि निवल्यावर लाकडानं ठोकलं की खपल्या गळायच्या. पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर धावणारं छोटं इंजिनही तेव्हा ओळखीचं होतं. रॉकेल एकाच वेळी इंधन, साबण आणि औषध होतं.

हे शक्य झालं, कारण रॉकेल स्वस्त होतं. आणि ते स्वस्त होतं कारण सरकार त्याची किंमत स्वतःच्या खिशातून भरत होतं. जून २०१० मध्ये केंद्रानं लिटरमागे ३ रुपये वाढवल्यानंतरही दिल्लीत रेशनचं रॉकेल १२ रुपयांच्या आसपास होतं, तेव्हा पेट्रोल ५१ च्या वर गेलं होतं. हे रॉकेल चुलीसाठी आणि चिमणीसाठी होतं. १९९३ च्या केरोसीन आदेशानं स्वयंपाक आणि दिवाबत्ती सोडून त्याचा दुसरा वापर करायला मनाईच होती. वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घातलेला असे, आणि गॅरेजांच्या बाटल्यांत तो निळा रंग सर्रास दिसे. सायकलवाल्याच्या बाटलीभर रॉकेलचा मला राग येत नाही. पण कुणाच्या तरी कार्डावरचे पाच लिटर काळ्या बाजारात गेल्याशिवाय ती बाटली भरत नव्हती, हेही खरं. त्या काळ्या बाजाराचं मोठं तोंड टँकरला लागलेलं होतं. डिझेल-पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की लिटरमागे मिळणारा नफा डोळे फिरवणारा होता.

लासूरहून याच लोहमार्गानं पश्चिमेला गेलं की मनमाड लागतं. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत; तिथून टँकर निघतात. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या परिसरातल्या एका ढाब्याजवळ भेसळ चाललेली दिसली. ते थांबले, मोबाईलवर चित्रण करू लागले. त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आलं. प्रजासत्ताक दिनाची आदली दुपार होती ती. राज्यभरातले सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून रस्त्यावर आले. गरिबाच्या चिमणीसाठी दिलेल्या तेलानं, त्या तेलाची राखण करणाऱ्या माणसाचा जीव घेतला. रॉकेलचा कुठलाही मागोवा सोनवण्यांचं नाव घेतल्याशिवाय पुरा होऊ नये.

आता गाडीच्या संरक्षणाचा मुद्दा. इथे मात्र लोकांची समजूत अर्धीच खरी आहे. दसऱ्याला ट्रॅक्टर, मोटारसायकल धुऊन झाल्यावर डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवतात. झेंडूच्या माळेखाली पत्रा आरशासारखा चमकतो. ती चमक रंगाची नसते, वरच्या तेलकट थराची असते. दोन दिवसांत त्यावर शिवारातली धूळ चिकटते, आणि रंगावरचं मेणही त्या बोळ्यानं निघून गेलेलं असतं. रॉकेल तर उडूनच जातं, मागे राखण करायला काही राहत नाही. घासून साफ केलेली साखळी रॉकेल उडाल्यावर उघडी पडते, म्हणून लगेच ऑइल दिलं नाही तर ती आधीपेक्षा लवकर गंजते. टायर, नळ्या, रबरी सील यांना या तेलांनी फुगारा येतो. आणि ब्रेकशूवर थेंब गेला तर जिवाशी खेळ.

उलट पावसाळ्याआधी ट्रॉलीच्या खालच्या पत्र्याला आणि पाट्यांना जळकं ऑइल डिझेलमध्ये पातळ करून फवारतात, त्यात तथ्य आहे. डिझेल ते ऑइल सांध्यांच्या फटीत नेतं आणि ऑइल तिथं टिकतं. युरिया-डीएपीच्या गोण्या वाहिलेला पत्रा किती लवकर सडतो, हे ज्याची ट्रॉली आहे त्याला विचारा. नांगराच्या फाळाला हंगाम संपल्यावर जळकं ऑइल फासून ठेवायची रीतही त्यातलीच. पण फवारा मारताना निम्मं जमिनीत मुरतं. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू असतात, कायद्यानं तो घातक कचरा आहे, आणि ज्या भागात विहिरीला पाणी लागणं हीच मोठी गोष्ट, तिथं ते मातीत सोडणं मला सहन होत नाही. खाली पोतं अंथरून ब्रशनं लावलं तरी काम होतं.

मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. जुलैपासून रेशनच्या रॉकेलचा दर आधी दर महिन्याला, पुढे दर पंधरवड्याला २५ पैशांनी वाढू लागला आणि मार्च २०२० पर्यंत अनुदान शून्यावर आलं. गॅस असलेल्या घरांचं रॉकेल त्याआधीच बंद होत गेलं. चुली निवल्या, ते चांगलंच झालं. मात्र गॅरेजच्या ट्रेमध्ये त्यानंतर डिझेल आलं, आणि घाई असेल तिथं पेट्रोल. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, ते रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा कोपरापर्यंत हात त्यात घालून कार्बोरेटर धुतो, मग त्याच पेट्रोलनं हात धुतो, मग पोळी खातो. या तेलांनी कातडीतला नैसर्गिक स्निग्धपणा जातो, कातडी फाटते, भेगांतून काळं आत शिरतं. रबरी हातमोजे आणि झाकण असलेला ट्रे, एवढ्याचा खर्च एका सर्व्हिसिंगच्या बिलापेक्षा कमी आहे. मालकांनी तो करायलाच हवा.

बाजारात आता साखळीसाठी फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध डब्ल्यूडी-४०. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीनं तो ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंजापासून वाचवायला तयार केला. पाणी हटवणारं द्रावण चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून चाळीस. त्यातही मोठा वाटा आहे तो रॉकेलच्या जवळच्या नात्यातल्या खनिज द्रावकाचा, सोबत थोडं तेल: द्रावक आत शिरतो, घाण सोडवतो, उडून जातो, तेल मागे राहतं. ट्रॉलीवरच्या डिझेल-ऑइलच्या फवाऱ्याचीही हीच रीत. आणि रबरी ओ-रिंग असलेल्या साखळीसाठी बऱ्याच दुचाकींच्या पुस्तिकेत अजूनही छापलेलं असतं: पेट्रोल वापरू नका, केरोसीननं पुसा, लगेच कोरडं करा, मग गिअर ऑइल लावा. पुस्तिका सांगते ते रॉकेल लासूरच्या गॅरेजवाल्याला आता सहजी मिळत नाही, म्हणून तो डिझेल घेतो, साखळी दोनदा पुसतो आणि ऑइल जरा जास्त देतो.